विश्लेषण : खोटं ओळखपत्र असूनही माणूस कसा पकडला जायचा? ॲमस्टरडॅमचं नोंदणी कार्यालय १९४३ मध्ये का पेटवलं गेलं?

नाझी जर्मनीनं मे १९४० मध्ये नेदरलँड्स ताब्यात घेतलं. पुढच्याच वर्षी १५ वर्षांवरील प्रत्येकाला ओळखपत्र सक्तीचं झालं. लपून जगणाऱ्यांसाठी हा कागद जीवन-मरणाचा प्रश्न ठरला.

ओळखपत्रात विशेष काय होतं?

ते तयार केलं याकोब लेंट्झ या डच सरकारी अधिकाऱ्यानं. फोटो, बोटाचा ठसा, वॉटरमार्क आणि विशेष शाई यांमुळे नक्कल करणं फार अवघड होतं. ज्यूंच्या ओळखपत्रावर ‘जे’ हे अक्षर ठळकपणे छापलेलं असे. सक्तीच्या ओळखपत्राची कल्पना युद्धाआधी डच सरकारनंच फेटाळली होती.

खोटं ओळखपत्र का पुरत नसे?

खरी अडचण नोंदवहीची होती. ओळखपत्रावरचं नाव सरकारी नोंदीशी ताडून पाहिलं की बनाव उघड होई. नोंदीत धर्माचा रकानाही होता, तोही युद्धाच्या आधीपासून.

लपलेले लोक जगत कसे?

रेशन कुपनाशिवाय धान्य मिळत नसे. लपलेल्या माणसाला उघडपणे कुपन घेता येत नसे, त्यामुळे त्याचं पोट आसरा देणाऱ्यांवर अवलंबून असे. ॲन फ्रँकच्या कुटुंबासाठीही मदतनीस चोरट्या मार्गानं कुपनं मिळवत. भूमिगत गटांनी तर कुपनांसाठी रेशन कार्यालयांवर छापे घातले.

२७ मार्च १९४३ च्या रात्री काय घडलं?

चित्रकार-लेखक विलेम अरोंडेउस आणि शिल्पकार गेरिट व्हॅन डर व्हेन यांचा गट पोलिसांच्या वेशात ॲमस्टरडॅमच्या नोंदणी कार्यालयात शिरला. पहारेकऱ्यांना गुंगीचं इंजेक्शन देऊन बाहेर नेलं आणि स्फोट घडवले. अग्निशमन दलातील सहानुभूतीदारांनी मुद्दाम उशीर केला, वर गरजेपेक्षा जास्त पाणी मारून कागद भिजवले. तरीही सुमारे १५ टक्के नोंदीच नष्ट झाल्या. अरोंडेउससह १२ जणांना जुलैमध्ये गोळ्या घालण्यात आल्या. व्हॅन डर व्हेन तेव्हा निसटला, पण १९४४ मध्ये त्यालाही मृत्युदंड झाला.

मग उपयोग काय झाला?

जळालेल्या नोंदींशी खोटं ओळखपत्र ताडून पाहणं आता शक्य नव्हतं. पण तोवर हजारो ज्यूंना छळछावण्यांकडे नेलं गेलं होतं. देशातील सुमारे १ लाख ४० हजार ज्यूंपैकी १ लाखाहून अधिक मारले गेले. त्यांतील अनेकांनी धर्माचा तो रकाना शांततेच्या काळात स्वतःहून, खरा भरला होता.