भर पावसात फणसपोळी : वाळवणी यंत्राचा योग्य उपयोग

कोकणात ज्या परसात फणसाचे झाड नाही असे परस विरळाच. एप्रिलपासून फळे पिकू लागतात आणि मे-जूनमध्ये हंगाम भरात येतो. फणसाचे कापा व बरका असे दोन प्रकार सर्वांच्या परिचयाचे आहेत. काप्याचा गरा कठीण असल्याने तो दूरच्या बाजारापर्यंत टिकतो व त्याला गिऱ्हाईकही मिळते. बरक्याचा गरा गोड व रसाळ खरा, पण तो मऊ असतो. पिकल्यावर एक-दोन दिवसांतच तो उतरतो. वाहतूक त्याला सोसत नाही. परिणामी घरच्या माणसांना व शेजाऱ्यापाजाऱ्यांना पुरून उरलेला बरका झाडाखालीच कुजतो.

या नासाडीवरील जुना व उत्तम उपाय म्हणजे फणसपोळी. तथापि उन्हात पोळी वाळण्यास तीन-चार दिवस, कधी अधिकही लागतात, आणि फणसाचा बहर ऐन भरात असतानाच जूनमध्ये कोकणात पावसाळा सुरू होतो. अर्धवट वाळलेल्या पोळीला बुरशी धरते आणि केलेली सर्व मेहनत वाया जाते. ही अडचण वाळवणी यंत्राने दूर होऊ शकते. मात्र यंत्र म्हणजे केवळ उष्ण पेटी अशी समजूत करून घेतल्यास पोळी बिघडते व विजेचा खर्चही अंगावर येतो. यास्तव यंत्राचे तत्त्व प्रथम समजून घेणे अगत्याचे आहे.

वाळणे म्हणजे काय?

पदार्थातील पाणी हवेने उचलून नेणे म्हणजे वाळणे. हवा जितकी कोरडी, तितकी ती पाणी अधिक उचलते. पावसाळ्यात २८ अंश सेंटिग्रेड तपमानाच्या हवेची सापेक्ष आर्द्रता ९० टक्के असते असे धरू. अशी हवा जवळजवळ भरलेल्या घागरीसारखी असते. तिच्यात आणखी पाणी मावत नाही. परंतु हीच हवा ६० अंशांपर्यंत तापविली असता तिची सापेक्ष आर्द्रता सुमारे १७ टक्क्यांवर येते. हवेतील पाणी तेवढेच राहते, पण तिची पाणी सामावण्याची शक्ती अनेक पटींनी वाढते. बाहेर पाऊस कोसळत असतानाही यंत्रात पोळी वाळते याचे कारण हेच.

यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, तापलेली हवा खेळती पाहिजे. पाणी उचललेली हवा बाहेर गेली नाही तर यंत्रात वाफ कोंडते व वाळण्याचे काम थांबते. म्हणून पंखा चालू व हवा बाहेर पडण्याची झडप योग्य तितकी उघडी असावी. दुसरी, उष्णता बेताची पाहिजे. काम लवकर उरकावे म्हणून तपमान ८० अंशांवर नेल्यास पोळीचा पृष्ठभाग आधी सुकून त्यावर कातडीसारखा थर धरतो. आतील पाण्याला मग बाहेर पडण्यास वाट राहत नाही. अशी पोळी वरून कोरडी दिसते, पण डब्यात भरल्यावर आठ-पंधरा दिवसांत तिला आतून बुरशी येते.

गर काढणे

झाडावर पूर्ण तयार झालेले व घरात पिकविलेले फणस घ्यावेत. फुटलेले, आंबूस वास येणारे किंवा किडलेले फळ घेऊ नये. फणस स्वच्छ पाण्याने धुऊन पुसावा. चीक लागू नये म्हणून सुरीला व हातांना खोबरेल तेल लावावे. गरे वेगळे करून आठळ्या व तंतू काढून टाकावेत. आठळ्या फेकू नयेत. धुऊन, सुकवून त्या भाजीस उपयोगी पडतात. नंतर गर चाळणीतून किंवा रोवळीतून घासून घ्यावा, म्हणजे धागे वर राहून एकजीव रस खाली मिळतो.

दर किलो गरास १५० ग्रॅम साखर व ३ ग्रॅम सायट्रिक आम्ल (लिंबूसत्त्व) मिसळावे. फणसाच्या गरात आंबटपणा फार कमी असतो. आम्लामुळे चव उठावदार होते आणि टिकाऊपणासही हातभार लागतो.

गर तापवावा की कच्चाच ठेवावा?

हल्ली न शिजविलेल्या, केवळ मंद उष्णतेवर वाळविलेल्या पदार्थांना काही ग्राहक पसंती देतात. कच्च्या गराच्या पोळीस फणसाचा मूळ वास अधिक राहतो, हे खरे. परंतु एक गोष्ट विसरता कामा नये. वाळविल्याने जंतूंची वाढ थांबते, ते सर्व मरतात असे नव्हे. गरात आधीच असलेले जंतू वाळलेल्या पोळीतही सुप्तावस्थेत राहू शकतात. शिवाय कच्च्या गरातील विकरांमुळे पोळी लवकर काळपट होते.

म्हणून विक्रीसाठी करावयाची पोळी तापविलेल्या गराचीच असावी. गर जाड बुडाच्या स्टेनलेस स्टीलच्या पातेल्यात सतत ढवळत ८० अंशांपर्यंत तापवावा, चार-पाच मिनिटे त्या तपमानावर ठेवावा व मग निववावा. घरी खाण्यासाठी कच्च्या गराची पोळी करावयाची असल्यास हात, भांडी व पाणी यांच्या स्वच्छतेत कसूर करू नये, ती थोडीच करावी आणि लवकर संपवावी.

पसरणे व वाळविणे

ताटांना तुपाचा हलका हात फिरवावा. ताटे जाळीची असल्यास त्यांवर खाद्यपदार्थांसाठी योग्य असा, उष्णता सोसणारा कागद किंवा पत्रा अंथरावा. गराचा थर सर्वत्र सारखा, सुमारे ४ मिलिमीटर जाडीचा असावा. मध्ये जाड व कडेला पातळ असा थर दिल्यास कडा करपतात व मधला भाग ओला राहतो.

प्रारंभी दोन-तीन तास ६० अंश व त्यानंतर ५५ अंश तपमान ठेवावे. दर दोन-तीन तासांनी वरची ताटे खाली व खालची वर करावीत. पृष्ठभाग बोटास चिकटेनासा झाला की पोळी उलटावी. यंत्राची घडण व ताटांची संख्या यांनुसार एकंदर १० ते १४ तास लागतात. काम सकाळी लवकर सुरू करावे, म्हणजे ते देखरेखीखाली पुरे होते.

पावसाळ्यात वीज जाण्याचा संभव असतो. वीज गेल्यास दार उघडू नये. आतील उष्णता काही काळ टिकते. वीज लवकर आल्यास काम पुढे चालू ठेवावे. मात्र ओला गर कोमट स्थितीत कित्येक तास पडून राहिला व त्यास आंबूस वास आला किंवा बुडबुडे दिसले, तर तो माल टाकून द्यावा. एका ताटाचा लोभ सबंध डब्यास भोवतो.

तराजू हाच खरा परीक्षक

पोळी वाळली की नाही हे केवळ डोळ्यांनी ठरविणे धोक्याचे आहे. पुढील हिशेब ध्यानात ठेवावा.

पिकलेल्या गरात सुमारे तीन-चतुर्थांश पाणी असते. म्हणजे १० किलो गरात घन भाग अडीच किलो. त्यात दीड किलो साखर घातली की घन भाग ४ किलो व मिश्रणाचे वजन साडेअकरा किलो होते. तयार पोळीत पाण्याचे प्रमाण १५ टक्के ठेवावयाचे झाल्यास पोळीचे वजन सुमारे ४.७ किलो भरले पाहिजे. बाकीचे ६.८ किलो पाणी हवेने न्यावयाचे असते.

८० × ४० सेंटिमीटरच्या ताटात ४ मिलिमीटरचा थर दिल्यास सुमारे १,४४० ग्रॅम मिश्रण मावते. म्हणजे वरील मिश्रणास आठ ताटे लागतात. रिकाम्या ताटाचे वजन आधी टिपून ठेवावे. त्या ताटातील पोळी ५९० ग्रॅमच्या आसपास आली की ती तयार झाली असे समजावे. ताजे मिश्रण कमी-अधिक भरल्यास त्याच प्रमाणात, म्हणजे मूळ वजनाच्या सुमारे ४१ टक्के, हा अंक धरावा. गर अधिक पाणचट असल्यास त्याहून थोडे खाली यावे. याखेरीज पोळी दुमडल्यास तुटू नये व कापलेल्या कडेवर ओलावा दिसू नये, हीही खूण पाहावी.

विजेचा अंदाजही यावरून बांधता येतो. एक किलो पाण्याची वाफ होण्यास किमान पाऊण युनिटाच्या जवळपास वीज लागते. ६.८ किलो पाण्यास त्यामुळे साधारण ४.५ ते ५ युनिटे होतात. बाहेर जाणाऱ्या हवेबरोबर उष्णताही जात असल्याने प्रत्यक्षात याच्या दुप्पट किंवा अधिक वीज खर्ची पडते. प्रत्येक खेपेस मीटर पाहून आकडा वहीत लिहावा व पोळीचा भाव ठरविताना तो धरावा.

गुंडाळ्या व दालचिनीचा स्वाद

पोळी थोडी कोमट असतानाच तिच्या चार-पाच सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्या कापून गुंडाळ्या कराव्यात. पूर्ण निवल्यावर ती कडक होऊन चिरते. थर एकमेकांस चिकटू नयेत म्हणून मध्ये लोणी-कागद घालावा.

गुंडाळण्यापूर्वी पट्टीवर दालचिनीची बारीक पूड चिमूटभर भुरभुरल्यास निराळा स्वाद येतो. कोकणात नारळ-सुपारीच्या बागांतून दालचिनीचे आंतरपीक घेता येते. दापोलीच्या कृषि विद्यापीठाची ‘कोंकण तेज’ ही जात त्यासाठी उपलब्ध आहे. खऱ्या दालचिनीची साल पातळ असते व तिच्या नळीत अनेक पदर दिसतात. जाड, कठीण, एकाच पदराची साल बहुधा तजाची असते. पूड कोरडी व नुकती कुटलेली असावी. ओलसर पुडीबरोबर बुरशीही पोळीत शिरते.

साठवण व विक्री

गुंडाळ्या पूर्ण निववून हवाबंद काचेच्या बरणीत भराव्यात व आठवडाभर रोज पाहाव्यात. बरणीच्या आत दव दिसल्यास माल पुन्हा यंत्रात घालावा. त्यानंतरच ओलावा न शिरणाऱ्या पिशव्यांत भरून सील करावे. पिशवीवर घटक, वजन, उत्पादनाची तारीख व किती दिवसांत वापरावे ही माहिती असली पाहिजे. गंधकयुक्त परिरक्षक वापरले असल्यास त्याचा उल्लेख अवश्य करावा, कारण दम्याच्या काही रोग्यांस ते बाधते. विक्री सुरू करण्यापूर्वी २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके अधिनियमाखाली नोंदणी करून घ्यावी.

यंत्र घेण्यापूर्वी

ज्यांची दोन-चार झाडे आहेत अशा एकट्या कुटुंबास मोठे यंत्र परवडणे कठीण. अशा ठिकाणी बचत गटाने मिळून यंत्र घ्यावे. फणसाचा हंगाम जेमतेम तीन महिन्यांचा असतो. उरलेल्या काळात आमसुले, आंबापोळी, केळी, आले व हळद वाळविण्याचे काम आधीच ठरवून ठेवावे. रिकामे उभे राहिलेले यंत्र कर्ज फेडीत नाही. उन्हाळ्यातील निरभ्र दिवसांत सौर वाळवणी यंत्र स्वस्त पडते, परंतु जूनमध्ये त्याचा भरवसा धरता येत नाही.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी हंगामापूर्वी गावातील बरक्या फणसाच्या झाडांची मोजदाद करावी, तराजू व तपमापक यांचा वापर स्त्रियांना प्रत्यक्ष करून दाखवावा आणि पहिली खेप लहानच करवून घ्यावी. दहा किलो गरापासून पावणेपाच किलो चांगली पोळी निघाली, म्हणजे पुढील खेपेस सांगणाऱ्याची गरज उरत नाही. झाडाखाली कुजणारे फळ मग कुटुंबाच्या उत्पन्नात भर घालू लागते.