एंटरची कळ

संगणकाच्या पडद्यावरील चौकटी, बटणे आणि अक्षरे कशी मांडावीत याविषयी सहकाऱ्यांनी मला विचारलेल्या, आणि त्याहून अधिक वेळा मीच इतरांना विचारलेल्या, शंका टिपून ठेवण्याची खोड मला १९९७ साली लागली. परवा दप्तर आवरताना त्या पाचही वह्या एकत्र हाती लागल्या, आणि पहिल्या वहीतील पहिला प्रश्न व पाचव्या वहीतील शेवटचा प्रश्न यांत पाव शतकाहून अधिक काळ लोटला असूनही ते एकाच माणसाच्या तोंडचे वाटावेत इतके सारखे आहेत हे ध्यानात येऊन, आवरण्याचे काम तसेच ठेवून मी त्या चाळीत बसलो.

पहिला प्रश्न असा: एंटर दाबल्यावर पुढच्या चौकटीत जाता येईल काय? एका पतसंस्थेसाठी आम्ही व्हिज्युअल बेसिकमध्ये खतावणीचा कार्यक्रम लिहिला होता, आणि विंडोजच्या शिरस्त्याप्रमाणे पुढे सरकण्यासाठी टॅबची कळ व हुकूम बजावण्यासाठी एंटरची कळ अशी योजना त्यात होती. परंतु तेथील ज्येष्ठ कारकून वर्षानुवर्षे डॉसवरील फॉक्सप्रोच्या फॉर्मांत एंटरने पुढे जाण्यास सरावलेले असल्यामुळे, नाव लिहून होताच ते एंटर दाबीत आणि अर्धाच भरलेला अर्ज जतन होऊन बसे. मी त्यांना सवय बदलण्याचा उपदेश करू लागलो, तेव्हा त्यांनी शांतपणे डावा हात पावत्यांच्या गठ्ठ्यावर ठेवला, उजवा आकड्यांच्या कळपटावर ठेवला, आणि म्हणाले, "साहेब, हा हात पावत्या उलटतो. टॅब दाबायला तो तिकडे नेला तर पावती धरायची कोणी?" उजव्या हाताच्या करंगळीखालीच एंटरची मोठी कळ होती. विंडोजचा शिरस्ता ज्यांनी घातला त्यांच्या टेबलावर बहुधा पावत्यांचा गठ्ठा नसावा.

उपाय सापडला, आणि तो त्या काळी जवळजवळ प्रत्येक डेव्हलपरच्या वहीत असे. फॉर्मने प्रत्येक कळ आधी स्वतः पाहावी, तिचा क्रमांक तेरा निघाल्यास ती गिळून टाकावी, आणि 'सेंडकीज'च्या द्वारे तिच्या जागी टॅबची कळ दाबल्याचे सोंग आणावे. हे सोंग बेमालूम वठले खरे, पण त्याच्या अंगी एक विचित्र दोष होता. मधूनच नमलॉकचा दिवा विझे, आणि ज्या आकड्यांच्या कळपटासाठी हा सारा खटाटोप केला होता त्यावर आकडे उमटण्याऐवजी कर्सर इकडेतिकडे धावू लागे. पुढे २००७ साली विंडोज व्हिस्टा आली, तेव्हा ह्याच ओळीवर 'परवानगी नाही' असा नकार येऊ लागला आणि दहा वर्षांची जुनी मखलाशी नव्याने करणे प्राप्त झाले.

कारकुनांचा प्रश्न हा असा हाताचा होता. संचालक मंडळाचा प्रश्न डोळ्यांचा असे. 'जतन करा' हे बटण हिरवे हवे, आणि त्यावरील अक्षरे पांढरी हवीत. व्हिज्युअल बेसिकच्या बटणाची पार्श्वभूमी रंगवायची तर त्याची शैली आधी 'ग्राफिकल' करावी लागे, आणि अक्षरांचा रंग बदलण्याची सोय तर त्या बटणात मुळी ठेवलेलीच नव्हती. तेव्हा लोक काय करीत, तर बटण काढून टाकून त्याच्या जागी एक रंगीत लेबल बसवीत आणि त्यावर क्लिक झाले की काम करवून घेत. लेबल दिसे सुंदर. परंतु कळपटावरून लेबलापर्यंत पोहोचण्याचा मार्गच नसल्यामुळे, तोवर एंटर-एंटर करीत भरधाव आलेल्या कारकुनाला शेवटच्या टप्प्यावर माउस शोधावा लागे. मीही अशी लेबले बसविली आहेत. ज्याची सही बिलावर होते त्याच्या डोळ्याला जे खुपते ते आधी दुरुस्त होते, हा आमच्या धंद्यातील अलिखित कायदा असून मी त्याला अपवाद नव्हतो.

हीच कथा वेबवर नव्या वेषात घडली. १९९६ च्या डिसेंबरात सीएसएसचे पहिले प्रमाण प्रसिद्ध झाले आणि रंगाची चिंता तत्त्वतः तरी मिटली; पण ब्राउझरचे मूळ बटण मनासारखे सजेना, म्हणून साध्या 'डिव्ह'ला बटणाची वस्त्रे चढविण्याची प्रथा पडली, आणि पुनश्च टॅबची कळ त्याला वळसा घालून पुढे जाऊ लागली. अंध वापरकर्त्यांसाठी पडदा वाचून दाखविणाऱ्या यंत्रणेला तर ते बटण असल्याचा पत्ताच लागत नसे. माझ्या तिसऱ्या वहीत एक अख्खे पान वस्तू उभ्या दिशेने मध्यभागी कशी आणावी ह्या एकाच प्रश्नाने व्यापलेले आहे: तक्त्याचा आधार, वरून पन्नास टक्के आणि मग निम्म्या उंचीचे ऋण अंतर, ज्यासाठी ती उंची आधीच ठाऊक असावी लागे, असे एकाहून एक द्राविडी प्राणायाम. फ्लेक्सबॉक्स आला, मग २०१७ च्या एकाच मार्च महिन्यात फायरफॉक्स, क्रोम व सफारी या तिघांनी ग्रिड स्वीकारले, आणि त्या पानाची किंमत रद्दीची झाली.

पडदा का गोठतो, ह्या प्रश्नाने मात्र मला धडा शिकविला. पडदा रंगविणे आणि कळांचे हुकूम ऐकणे ही दोन्ही कामे एकाच धाग्याकडे असतात. त्याच्यावर व्याजआकारणीसारखे लांबलचक काम टाकले की तो खिडकी बंद करून आत गेलेल्या खजिनदारासारखा कोणाचेच ऐकेनासा होतो. यावर 'डूइव्हेंट्स' नावाची एक ओळ मधूनमधून पेरण्याचा सल्ला मिळे, आणि मी ती पेरली. पडदा जिवंत राहिला. तितकेच जिवंत राहिले 'व्याज आकारा' हे बटण. काम चालू आहे की नाही याची शंका येऊन कोणी तरी ते पुन्हा दाबले, आणि त्या सहामाहीत शेकडो ठेवीदारांच्या खात्यांवर व्याज दोनदा जमा झाले. रुजुवात करण्यात रविवारसकट तीन दिवस गेले. तेव्हापासून काम सुरू होताक्षणी बटण निष्क्रिय करणे हे मी आचमनासारखे पाळीत आलो आहे.

मराठी अक्षरांचे प्रकरण सर्वांत दीर्घ. व्हिज्युअल बेसिकच्या मूळ चौकटींना युनिकोड ठाऊक नसल्यामुळे त्यांत मराठी घातले की प्रश्नचिन्हांची रांग उभी राहत असे, म्हणून सी-डॅकच्या आयएसएमसारख्या साधनांचा आणि विशिष्ट फाँटांचा आश्रय घेतला जाई. फाँट बदलला की तोच मजकूर अगम्य रोमन चिन्हांत कोसळे. युनिकोडने ते संकट निवारले, तेव्हा उंचीचे संकट पुढे आले. चौकटींची उंची रोमन लिपीच्या मापाने ठरविलेली. 'मुदतपूर्ती' ह्या शब्दाला मात्र खाली 'पू'च्या उकारासाठी आणि वर वेलांटी-रफारासाठी जागा हवी. पहिल्याच मोबाइल ॲपमध्ये तो रफार वरच्या कडेला छाटला जाऊन 'मुदतपूती' असे दिसू लागले. अँड्रॉइडने पाचव्या आवृत्तीत उंच लिप्यांसाठी एक स्वतंत्र गुण दिला तो ह्याच कारणास्तव. तरीही ठरीव उंचीची चौकट हा आजही मराठीचा पहिला शत्रू आहे. त्यात २००९ च्या शासननिर्णयाने पाकळीयुक्त 'ल' आणि देठयुक्त 'श' प्रमाण मानले, आणि पडद्यावर हिंदी वळणाचा 'ल' का, अशी विचारणा होऊ लागली. ज्या फाँटांत दोन्ही रूपे असतात त्यांना मजकुराची भाषा मराठी आहे एवढे कळविले की ते योग्य रूप काढून देतात, हे समजायला मला कित्येक वर्षे लागली. भाषा कळविण्याचा तो रकाना आम्ही सारे इतकी वर्षे रिकामा सोडीत होतो.

शेवटची नोंद गेल्या वर्षीची आहे. आमची एक तरुण सहकारी पिग्मी एजंटांसाठी फ्लटरमध्ये ॲप करीत होती. एजंट दुकानाच्या पायरीवर उभा असतो, एका हातात मोजलेल्या नोटा असतात, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने तो खातेक्रमांक लिहितो, आणि पुढची चौकट गाठण्यासाठी त्याला दर वेळी पडद्याच्या वरच्या भागापर्यंत अंगठा ताणावा लागतो. "सर, कीबोर्डच्या कोपऱ्यातल्या कळीनेच पुढे जाता येईल का?" असे तिने विचारले. उत्तर एका ओळीचे निघाले: त्या चौकटीला 'टेक्स्टइनपुटॲक्शन डॉट नेक्स्ट' असे सांगावे, म्हणजे कोपऱ्यातील कळ तेच काम करू लागते. ती ओळ मी वहीत उतरवून घेतली, आणि समासात 'वही पहिली, पान १ पाहा' असे लिहिले.