खोडावांचून उभा वड

सहकुटुंब कोलकात्यास जाणाऱ्या मंडळींनीं एक दिवस हावड्यानजीकच्या शिबपूर येथील वनस्पति-उद्यानासाठीं अवश्य राखून ठेवावा. ईस्ट इंडिया कंपनीच्या कर्नल रॉबर्ट किड यानें १७८७ सालीं हुगळीच्या पश्चिम तीरावर तें स्थापिलें. साग व मसाल्यांचीं झाडें वाढवून व्यापारास हातभार लावणें हा मूळ हेतु. २००९ सालापासून त्यास आचार्य जगदीशचंद्र बोस यांचें नांव आहे. विस्तार सुमारें २७० एकर. तेव्हां सर्व पाहण्याचा हव्यास न धरितां वृद्धांच्या चालीनें महावटाकडे वळावें.

अडीचशें वर्षांहून जुना हा वृक्ष दुरून अरण्यच भासतो. १८६४ व १८६७ च्या वादळांत त्यास इजा झाली, पुढें खोडास बुरशी लागली, आणि १९२५ सालीं तें मुख्य खोडच कापून काढावें लागलें. तरीही वृक्ष वाढतोच आहे! वडाच्या पारंब्या जमिनीस टेकल्या कीं मूळ धरतात, जाड होतात व फांद्यांस आधार आणि पाणी पुरवितात. अशा तीन हजारांहून अधिक पारंब्या हा सारा भार तोलीत आहेत. वटपौर्णिमेस सूत गुंडाळणाऱ्या आपल्या भगिनींस येथें तें कशाभोंवतीं गुंडाळावें, हा प्रश्नच पडावा!

कर्ता पुरुष गेला कीं एकत्र कुटुंब मोडावयाचेंच, असें आपण धरून चालतों. हा वड तगला, कारण खोड उभें असतांनाच पारंब्यांनीं जमीन धरिली होती. वडील मंडळींनीं आपल्या हयातींतच धाकट्यांवर भार सोंपवावा, एवढा विचार मनांत घेऊन परतलें तरी सहल सार्थकीं लागली म्हणावयाची.