आईच्या गावाचं नाव लावणारी गायिका

बाळापूरच्या मैत्रिणींनो, आज हिराबाई बडोदेकरांबद्दल बोलू.

व्हिएन्नात विल्हेल्मिनं श्रोडर नावाची जर्मन बाई १८२२ मध्येच संगीत नाटकात नायिका म्हणून गाजत होती. त्या नाटकांना तिकडं ऑपेरा म्हणतात. आपल्याकडं १८८० मध्ये 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आलं, पण त्यातली शकुंतला पुरुषच व्हायचा. भाऊराव कोल्हटकर, मग बालगंधर्व लुगडं नेसून नायिका व्हायचे. चांगल्या घरच्या बाईनं लोकांपुढं गाणं म्हणजे घराण्याला बट्टा, अशी तेव्हा समजूत होती.

हिराबाईंचा जन्म १९०५ चा, मिरजेचा. वडील किराणा घराण्याचे मोठे गवई अब्दुल करीम खाँ. आई ताराबाई माने, बडोद्याच्या सरदार घराण्यातल्या. गाण्याच्या ओढीनं त्यांनी माहेर सोडलं होतं. पुढं नवऱ्याशी पटेना, तेव्हा पाच लेकरं घेऊन त्या वेगळ्या झाल्या. लेकीनं वडिलांचं नाव लावलं नाही, आईच्या बडोद्याचं लावलं.

हिराबाई अब्दुल वहीद खाँ यांच्याकडं शिकल्या. किराणा घराण्याची रीत म्हणजे घाई नाही. एकेक सूर निवांत लावायचा, तो नीट बसला की पुढं जायचं. जात्यावर दळण घालताना आपण मूठमूठ दाणे सोडतो ना, तसंच. एकदम ओतले तर पीठ जाडं पडतं.

मग हिराबाईंनी धाडस केलं. तिकीट लावून नाट्यगृहात जाहीर मैफल केली. साध्या साडीत, बैठक मारून, हावभाव न करता त्या गायल्या. लोक गाणं ऐकायला आले आणि गाणंच ऐकून गेले. भावंडांबरोबर त्यांनी नाटकंही केली. 'सौभद्र'मधली सुभद्रा आता खरोखर बाईच झाली. नाटकाच्या धंद्यात कर्ज झालं. ते त्यांनी गाऊन फेडलं.

१५ ऑगस्ट १९४७ ला दिल्लीत 'वंदे मातरम्' गायचा मान त्यांना मिळाला. १९७० मध्ये पद्मभूषण मिळालं. प्रभा अत्रे त्यांच्याकडं शिकल्या. हिराबाई १९८९ मध्ये गेल्या.

आता जरा आपल्याकडं पाहू. ओव्या, भुलाबाईची गाणी आपल्या घरात आहेत. पण लेक पेटीपुढं बसली की आपणच म्हणतो, "लोक काय म्हणतील?" ताराबाईंनी तसं म्हटलं असतं, तर हिराबाई घडल्या नसत्या.

पुढच्या बैठकीत बचतीचा हिशेब झाला की दहा मिनिटं काढा. जिला गाता येतं, तिला मधी बसवा आणि गाऊ द्या. बाकीच्यांनी फक्त ऐकायचं.

येते मी. पुन्हा भेटू.