मिगची बैठक

कुठल्याही जेटचं मॉडेल हातात आलं की मी आधी त्याचे पाय बघतो. नाक, पंख, कॉकपिट यांवर किट कंपन्या हल्ली भरपूर मेहनत घेतात. चाकांपाशी आल्या की मात्र हात आखडतो. आणि पाय चुकले की विमानाची बैठकच बिघडते. मग वर रंगकाम कितीही झकास करा, ते खेळणंच दिसतं.

आम्हा नाशिककरांना मिग-२१ चं अप्रूप जरा जास्तच. ओझरला एचएएलच्या कारखान्यात त्याचे एफएल, एम आणि बिस हे प्रकार तयार झाले. २०२५ च्या सप्टेंबरात चंदीगडला हवाई दलाने त्याला निरोप दिला, तेव्हापासून माझ्या टेबलावर मिगच मिग आहेत, सगळे १/७२ स्केलचे.

यातली मेख मुख्य चाकांत आहे. सुरुवातीच्या एफ-१३ चं चाक ६६० मिलिमीटर व्यासाचं होतं. पुढे वजन वाढलं, तसं पीएफपासून ते ८०० चं झालं. आपलं एफएल त्याच पीएफच्या कुळातलं. आता मोठं चाक ठेवायचं कुठे? मिगचा पाय मिटून पंखात आडवा निजतो, चाक मात्र पायाभोवती वळून धडाच्या पोटात उभं शिरतं. म्हणून पंखाच्या मुळाशी धडावरचा फुगवटा वाढवावा लागला. ७२ ने भागलं की ८०० चे ११.१ मिलिमीटर होतात, ६६० चे जेमतेम ९.२. माझ्याकडच्या एका जुन्या किटमध्ये फुगवटा मोठा आणि व्हर्नियर लावला तर चाक साडेनऊच्याही आत. अंगरखा थोरल्याचा, चपला धाकट्याच्या!

भाचा म्हणाला, “मामा, दोन मिलिमीटर कुणाला कळतात?” म्हटलं, बाजूने बघ. व्यास दोनने कमी म्हणजे विमान मागून एक मिलिमीटर खाली बसलं, खऱ्या मापात सात सेंटिमीटर. पुढचं चाक बरोबर असेल तर नाक उगाच वर. अशा वेळी मी सरळ रेझिनची चाकं मागवतो. घासून-लिंपून चाक मोठं होत नाही.

पायाच्या लांबीची चूक त्याहून सार्वत्रिक. पायात तेल आणि दाबाखालचा वायू भरलेला ओलिओ असतो. हवेत तो पूर्ण लांब. जमिनीवर वजन आलं की दबतो आणि आतला चकचकीत दांडा थोडाच उघडा राहतो. किटमध्ये पुष्कळदा पाय हवेतल्या लांबीचा देतात आणि विमान टाचा उंचावून उभं राहतं. त्यावर माझा उपाय असा: त्या दांड्यातून रेझर सॉने नेमका तुकडा काढायचा, दोन्ही टोकांना ०.५ च्या ड्रिलने भोक पाडून आत पितळी तार घालायची, मग सुपरग्लू. तारेविना जोडलेला पाय मॉडेलचं वजन पेलत नाही. पायाच्या वरच्या-खालच्या भागांना जोडणारी कात्री असेल तर तिचा कोनही तेवढाच मिटवावा लागतो. हे निम्मे लोक विसरतात.

तुकडा किती काढायचा हे ठरवायला तळावर इंधन भरून उभ्या विमानाचा फोटो हवा. संग्रहालयातल्या विमानावर विसंबू नका. कुणाचं इंजिन काढलेलं असतं म्हणून ते उंच दिसतं, कुणाच्या ओलिओतला वायू गेलेला असतो म्हणून ते बसकं.

आणि पुढचं चाक नाकाच्या रेषेत चिकटवू नका. मिगच्या वैमानिकाला ते वळवता येत नाही. तो मुख्य चाकांचे ब्रेक कमी-जास्त दाबतो आणि पुढचं चाक आपसूक फिरतं. उभ्या मिगचं ते चाक बरेचदा थोडं तिरकं असतं. मी दहाएक अंश देतो.