आतड्यालाही कळते साखर!

मोठा पाऊस झाला की हिंदमाताला पाणी तुंबते, हे मुंबईकरांना सांगावे लागत नाही. पाणी काही तासांत ओसरते. पण सांडपाणी पिण्याच्या पाण्यात मिसळले, तर पाठोपाठ उलट्या-जुलाबांचे रुग्ण वाढतात. मग घरोघरी ओआरएसची, म्हणजेच जलसंजीवनीची पुडी आणली जाते. त्यातले मीठ औषधी आणि साखर मात्र चवीपुरती, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात ही साखर जिभेसाठी नसते, ती आतड्यासाठी असते.

आतडे म्हणजे अन्न पुढे ढकलणारी नुसती नळी नव्हे. लहान आतड्याच्या अस्तरात मधूनमधून काही खास पेशी विखुरलेल्या असतात. गोड चव ओळखणारी जी प्रथिने जिभेवर असतात, तीच या पेशींवरही सापडतात. अन्नातली साखर तिथे पोहोचली की या पेशी संप्रेरके सोडतात. त्यांतले जीएलपी-१ हे इन्सुलिन वाढवायला मदत करते, तर जीएलपी-२ हे आतड्याच्या अस्तराची काळजी घेते. आपल्याला जाणवत काहीच नाही, पण काय खाल्ले याची नोंद आत होत असते.

हिंदमातापासून जवळच, परळला, १९२६ साली सुरू झालेले केईएम रुग्णालय आहे आणि १८८६ साली स्थापन झालेले पशुवैद्यकीय महाविद्यालयही आहे. माणसांचा दवाखाना वेगळा, जनावरांचा वेगळा. पण पोटाचे बरेचसे शास्त्र दोघांना सामाईक आहे. डुक्कर आपल्यासारखेच सर्वभक्षी आणि त्याची पचनसंस्थाही आपल्याशी बरीच मिळतीजुळती. त्यामुळे आतड्याच्या अभ्यासात त्याचा मोठा उपयोग झाला आहे.

वराहपालनात पिल्लांचे दूध साधारण तीन-चार आठवड्यांतच तोडतात. अचानक धान्याचे खाद्य सुरू होते, कोवळ्या आतड्याला ते पेलत नाही आणि पिल्लांना हगवण लागते. ब्रिटनमधील लिव्हरपूल विद्यापीठाच्या संशोधकांनी अशा पिल्लांच्या खाद्यात कृत्रिम गोडी मिसळून पाहिली. आतड्याने ती ओळखली आणि साखर शोषून घेणारी ‘दारे’ वाढवली. मांजराचे उदाहरण याच्या उलट आहे. त्याच्यात गोड चवीचे एक जनुक निकामी असल्याने त्याला गोड कळतच नाही.

या दाराचे शास्त्रीय नाव एसजीएलटी-१. त्याची एक अट आहे. ग्लुकोज एकटे आत जात नाही, त्याला मिठातल्या सोडियमची सोबत लागते. ही जोडी आत गेली की तिच्यामागून पाणीही शरीरात खेचले जाते. रॉबर्ट क्रेन यांनी १९६० साली प्राग येथे ही कल्पना मांडली. पटकीसारख्या आजारात आतड्यातून भसाभस पाणी जात असते, तरी हे दार काम करत राहते. जलसंजीवनीचे सारे यश त्यावर उभे आहे.

१९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकी पसरली आणि सलाइन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ-ग्लुकोजचे पाणी पिंपांत भरून रुग्णांच्या नातेवाइकांकरवीच पाजायला सुरुवात केली. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आले. २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले.

म्हणूनच प्रमाणाला महत्त्व आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार एक लिटर पाण्यात १३.५ ग्रॅम ग्लुकोज आणि २.६ ग्रॅम मीठ असते, शिवाय पोटॅशियम क्लोराइड आणि सायट्रेट. साखर जास्त झाली तर ती उलट शरीरातलेच पाणी आतड्यात ओढते आणि जुलाब वाढतात. शीतपेये आणि डब्यातले रस म्हणूनच चालत नाहीत. भरपूर साखरेची पेये ‘ओआरएस’ नावाने विकली जात होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने त्यांना हा शब्द वापरण्यास मनाई केली. साखरेऐवजी कृत्रिम गोडी घालूनही भागत नाही, कारण ती या दारातून आत जात नाही.

पुडी एक लिटरची आहे की २०० मिलिलिटरची, हे आधी वाचावे आणि तेवढ्याच उकळून गार केलेल्या पाण्यात ती पूर्ण विरघळवावी. तयार पाणी २४ तासांत संपवावे. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालावे. उलटी झाली तरी दहा मिनिटे थांबून पुन्हा घोट-घोट पाजावे. तान्ह्या बाळाचे अंगावरचे दूध बंद करू नये. मुलांना डॉक्टरांच्या सल्ल्याने झिंकही द्यावे. मूल मलूल झाले, डोळे खोल गेले, लघवी थांबली किंवा शौचात रक्त दिसले, तर मात्र घरी न थांबता रुग्णालय गाठावे.