राजा आपण पाहिला. राजाने आपल्याला पाहिले का?

राजा येणार म्हटले की माणूस धावतोच. त्यात नवल काहीच नाही. आमच्या आयाबाया कडेवर पोर घेऊन भर उन्हात रस्त्याच्या कडेला उभ्या राहतात, बाप पोराला खांद्यावर घेतो, कोणी भिंतीवर चढतो, कोणी दिव्याच्या खांबाला लटकतो. चार तास उभे राहायचे आणि चार क्षण बघायचे. गाडी निघून जाते, धूळ उरते, आणि घरी आल्यावर आठवडाभर चाळीत तीच चर्चा. आम्ही या गर्दीला नावे ठेवणार नाही. कष्टकऱ्याच्या आयुष्यात फुकट बघायला मिळणाऱ्या गोष्टी थोड्या, त्यातली ही एक.

पण आमच्या समाजाने या गर्दीकडे थोडे निराळ्या नजरेने पाहावे असे आम्हास वाटते. रस्त्यावर उभे राहण्याचा हक्क ज्यांना सहजासहजी मिळाला नाही, ज्यांची सावलीही टाळली गेली, ती माणसे राजाच्या वाटेवर उभी राहतात तेव्हा विचारण्यासारखा प्रश्न एकच. आपण राजाला पाहिले, राजाने आपल्याला पाहिले का?

मुंबईचेच उदाहरण घ्या. २ डिसेंबर १९११ रोजी राजा पंचम जॉर्ज आणि राणी मेरी अपोलो बंदरावर उतरली. आमची जुनी माणसे त्या जागेला पालवा म्हणत. राज्यावर असलेला इंग्लंडचा राजा हिंदुस्थानात येण्याची ती पहिलीच वेळ. आज जी गेटवे ऑफ इंडियाची कमान आपण बघतो ती तेव्हा उभी नव्हती. कमान पुरी व्हायला १९२४ साल उजाडले. राजासाठी तात्पुरता मंडप उभारून काम भागवले. राजा उतरला, मानपत्रे झाली, मिरवणूक निघाली. मुंबई बघायला लोटली.

राजाची गाडी जायची म्हणजे रस्ता आरशासारखा हवा. तो आरसा करणारे हात कोणाचे होते हे आमच्या वाचकांना सांगायला नको. मुंबईच्या कचरापट्टीत राबणारी बहुतेक माणसे कोणत्या समाजांतून आली हे सर्वांना ठाऊक आहे. गेटवेच्या कमानीवर राजाराणी उतरल्याची तारीख कोरली आहे. झाडूची नोंद तिथे नाही.

आता त्याच अपोलो बंदरापासून पायी जरा पुढे या. काळा घोडा लागतो, आणि समोर एल्फिन्स्टन कॉलेजची दगडी इमारत. १९११ साली त्या कॉलेजात एक महार विद्यार्थी बी.ए. चा अभ्यास करत होता. त्याचे नाव भीमराव रामजी आंबेडकर. राजा त्याच्या कॉलेजच्या इतक्या जवळ उतरला, पण राजाच्या दफ्तरी त्या विद्यार्थ्याचे नाव असण्याचे काही कारण नव्हते. त्याला बघणारा राजा दुसराच होता. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड महाराज कॉलेजच्या शिक्षणासाठी त्याला दरमहा २५ रुपये देत होते.

आणि गंमत पाहा. मुंबईत उतरलेला राजा पुढे दिल्लीला गेला. १२ डिसेंबरला तिथे दरबार भरला. एकेका संस्थानिकाने पुढे यायचे, वाकून मुजरा करायचा आणि राजाला पाठ न दाखवता मागे सरकायचे असा रिवाज होता. सयाजीराव एकदाच वाकले आणि सरळ पाठ फिरवून चालू लागले. इंग्रजांना हे फार झोंबले, महाराजांना लेखी खुलासा देत दिलगिरी व्यक्त करावी लागली. मुजरा कमी पडला म्हणून ज्याच्यावर साम्राज्य रागावले, त्या राजाचे २५ रुपये मुंबईत आमच्या भविष्याच्या कामी येत होते. हे आमच्या घराघरांत सांगितले गेले पाहिजे.

दहा वर्षांनी त्याच बंदरावर पंचम जॉर्जचा मुलगा, युवराज एडवर्ड उतरला. तारीख १७ नोव्हेंबर १९२१. या वेळी काँग्रेसने बहिष्कार पुकारला होता, शहरात हरताळ होता. तरीही युवराजाला पाहायला माणसे गेली. त्यात पारशी होते, ख्रिस्ती होते, यहुदी होते, आणि नुसते तमाशा बघायला गेलेलेही होते. परतताना त्यांना बहिष्कारवाल्या जमावाने गाठले. डोक्यावरच्या विलायती टोप्या हिसकावल्या, कपडे ओढले, मारहाण झाली. मग दुसऱ्या बाजूनेही लाठ्या निघाल्या. तीनचार दिवस मुंबई पेटली आणि पन्नासावर माणसे प्राणाला मुकली. गांधींनी दंगल थांबावी म्हणून उपोषण केले.

या दंगलीबद्दल इतिहासात पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्हास त्यातली एकच गोष्ट टोचते. युवराज सुखरूप पुढे गेला. १९ तारखेला पुण्यात त्याने शिवस्मारकाची कोनशिला बसवली, मेजवान्या झाल्या. मेले ते रस्त्यावरचे. हाच युवराज पुढे आठवा एडवर्ड म्हणून गादीवर आला आणि १९३६ साली, वर्ष पुरे व्हायच्या आत, गादी सोडून मोकळा झाला. ज्याला बघायला जाण्यावरून मुंबईत डोकी फुटली, त्याला स्वतःला ते राजेपण टिकवावेसे वाटले नाही!

बाबासाहेब त्या वेळी लंडनला शिकत होते. राजाच्या राजधानीत त्यांचा दिवस ग्रंथालयात जात होता.

राजघराण्यातल्या माणसासमोर कसे उभे राहावे याचा धडा आमच्याकडे त्याच्याही आधीचा आहे. तो महात्मा जोतीराव फुले यांनी घालून दिला. २ मार्च १८८८ रोजी पुण्यात व्हिक्टोरिया राणीचा मुलगा ड्यूक ऑफ कॅनॉट याच्यासाठी मेजवानी होती. हा पंचम जॉर्जचा चुलता. जोतीरावांचे स्नेही हरि रावजी चिपळूणकर यांनी ती मेजवानी योजली होती. बाकी पाहुणे शेला-पागोट्यात, हिऱ्यामोत्यांत आले. जोतीराव आले ते साध्या शेतकऱ्याच्या वेशात. नुसते येऊन बसले नाहीत, बोलायला उभे राहिले. त्यांच्या बोलण्याचा मतलब असा होता, की या दागिन्यांनी मढलेल्या मंडळींवरून हिंदुस्थानाची परीक्षा करू नका; खरी प्रजा खेड्यात आहे, उपाशी आहे, अडाणी आहे; घरी जाल तेव्हा आपल्या आईला सांगा की या गरिबांना विद्या द्या. सगळी मेजवानी चपापली असेल यात शंका नाही. त्याच वर्षी ११ मे रोजी मुंबईत मांडवीच्या कोळीवाड्यात जनतेने जोतीरावांना महात्मा ही पदवी दिली. ड्यूकच्या हातून त्यांनी काही घेतले नाही, कोळीवाड्यातल्या माणसांच्या हातून मात्र घेतले.

आणि राजा स्वतःच गर्दीत उतरतो तेव्हा? १९२० सालच्या मे महिन्याच्या अखेरीस नागपूरच्या कस्तुरचंद पार्कवर बहिष्कृतांची अखिल भारतीय परिषद भरली. अध्यक्ष होते कोल्हापूरचे राजर्षी शाहू छत्रपती. बाबासाहेब तिथे होते. उन्हाळा नागपूरचा, आणि राजा परगावचा. तो अस्पृश्यांच्या मांडवात येऊन बसला. त्या गर्दीला राजा बघायला टाचा उंच कराव्या लागल्या असतील. पण राजाही त्यांना बघायलाच आला होता, आणि त्यांचेच ऐकायला. त्याआधी मार्चमध्ये माणगावच्या परिषदेत याच महाराजांनी बाबासाहेबांकडे बोट दाखवून तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला आहे, अशा अर्थाचे उद्गार काढले होते.

कोल्हापुरातली चहाची हकिगत तर शाळेच्या पुस्तकात छापावी अशी आहे. पाण्याला शिवला म्हणून गंगाराम कांबळे यांना राजवाड्याच्या नोकरांकडून मार बसला. महाराजांनी मारणाऱ्यांना शासन केले आणि गंगारामांना भर वस्तीत चहाचे हॉटेल काढून दिले. पण महाराच्या हातचा चहा पिणार कोण? महाराजांची गाडी त्या दुकानापुढे थांबू लागली. महाराज चहा मागवीत, स्वतः पीत, आणि बरोबरच्या उच्चवर्णीय मंडळींनाही पाजीत. राजा प्यायला म्हटल्यावर इतरांना नाही कसे म्हणता येणार? रस्त्यावर लोक उभे राहून हे बघत. ती गर्दीही राजदर्शनाचीच, मात्र तिथे राजापेक्षा कपाकडे जास्त लोक बघत असावेत! दोनच वर्षांनी, ६ मे १९२२ रोजी, महाराजांनी मुंबईत देह ठेवला. वय अवघे ४७.

आता पुन्हा पंचम जॉर्जकडे येऊ. १९११ साली पालव्यावर उतरलेला हाच राजा १९३१ साली लंडनच्या राजवाड्यात गोलमेज परिषदेच्या सभासदांना भेटला. त्यात बाबासाहेब होते. धनंजय कीर यांच्या चरित्रग्रंथात या भेटीची नोंद आहे. राजाने अस्पृश्यांची स्थिती विचारली, बाबासाहेबांनी ती सांगितली, आणि ऐकताना राजा हलून गेला. तुमचे वडील काय करीत, तुम्ही शिकलात कुठे, हेही त्याने विचारले. वीस वर्षे लागली. पण बंदराजवळच्या कॉलेजातला तो विद्यार्थी अखेर राजाला दिसला. खांबावर चढून किंवा हार हातात धरून हे घडले नव्हते. कोट्यवधींच्या वतीने तो तिथे उभा होता म्हणून राजाला त्याच्याकडे बघावे लागले.

बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात अशीच एक गर्दी आहे. घर सोडलेला सिद्धार्थ राजगृहात भिक्षेसाठी हिंडतो आणि सारे नगर कामधाम टाकून त्याच्या मागे लोटते. बिंबिसार राजा महालातून ती गर्दी बघतो, चौकशी करतो आणि स्वतः डोंगरावर त्याला भेटायला जातो. राज्य देऊ करतो. सिद्धार्थ घेत नाही. रात्री जेवणे झाल्यावर ही गोष्ट मुलांना सांगून बघा. लोक एका भिक्षेकऱ्याला बघायला धावले आणि त्यांच्यामागून राजाही निघाला, हे मुलांना फार आवडते.

६ डिसेंबरला चैत्यभूमीवर येणारी आमची गावाकडची मंडळी दुसऱ्या दिवशी गेटवे बघायला जातात. जरूर जावे. येताना काळ्या घोड्यावरून यावे आणि एल्फिन्स्टन कॉलेजची इमारत मुलांना आधी दाखवावी. तिथल्या चौकात पूर्वी पंचम जॉर्जच्या बापाचा, सातव्या एडवर्डचा, घोड्यावर बसलेला पुतळा होता. १९६५ साली तो उचलून भायखळ्याच्या राणीच्या बागेत नेला. २०१७ साली त्या भागात नवा काळा घोडा उभा केला, त्याच्या पाठीवर कोणी नाही. पोरे विचारतीलच, वर बसणारा राजा कुठे गेला म्हणून. भायखळ्याला उतरून राणीच्या बागेत जावे, तिथे तो आहे.